नवं एअर पिस्तूल: रेंजवरचा पहिला दिवस कसा घालवावा

नवं पिस्तूल घेऊन रेंजवर पाऊल टाकलं की शेजारच्या लेनवरून ठरलेला प्रश्न येतो: ‘मग, किती बसले?’ पहिल्या दिवशी या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, आणि खरं तर उत्तर असूही नये. त्या दिवशी गुण मोजायचे नसतात. पिस्तूल आपल्या हातात कसं बसतं, खटका कुठे सुटतो आणि साईट, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, कशा दिसतात, एवढंच त्या दिवशी समजून घ्यायचं. बहुतेक नवखे नेमकं उलट करतात. पहिले पाच छर्रे खाली डावीकडे गेले की स्क्रूड्रायव्हर काढून साईट फिरवायला लागतात, आणि संध्याकाळपर्यंत पिस्तुलावर मूळच्या जागी राहिलेला एकही स्क्रू उरत नाही.

हा लेख १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल आहे, म्हणजे ४.५ मिलिमीटरचा छर्रा, दाबलेल्या हवेचा सिलिंडर आणि एका हाताने नेम. बालेवाडी असो, वरळी असो, कोल्हापूर असो की तालुक्याच्या शाळेतली चार लेनची रेंज, सुरुवात बहुतेकांची इथूनच होते. यामागे कायद्याचंही एक कारण आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सोडणारं मॅच पिस्तूल सहा ज्यूलच्या आतच राहतं. नेमबाज राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटरचं पॉइंट टू-टूचं पिस्तूल. त्याचा परवाना, काडतुसं आणि नियम ही वेगळी दुनिया आहे. परवाना लागत नाही म्हणून एअर पिस्तूल दप्तरात टाकून बसने फिरू नये, हेही इथेच सांगून टाकतो. कुलूपबंद पेटी आणि सोबत बिलाची प्रत एवढं तरी हवंच. लांबून बघणाऱ्याला ते पिस्तूलच दिसतं.

घरून निघण्याआधी

पेटी उघडली की पिस्तुलाआधी कागद बाहेर काढा. माहितीपुस्तिका पूर्ण वाचा. निदान सिलिंडर, ट्रिगर आणि साईट ही तीन प्रकरणं तरी वाचाच. चांगल्या कंपनीच्या पिस्तुलासोबत एक टेस्ट कार्ड येतं. कारखान्यात पिस्तूल पकडीत घट्ट बसवून मारलेले छर्रे त्यावर असतात, आणि बहुतेक वेळा ते सगळे मिळून एकच भोक दिसतं. ते कार्ड फेकू नका, किटबॅगेत ठेवा. पुढच्या महिनाभरात जेव्हा जेव्हा ‘पिस्तूलच वाकडं मारतंय’ असं वाटेल, तेव्हा ते काढून बघायचं.

मग सिलिंडर. त्यावर कोरलेली तारीख वाचा. बऱ्याच उत्पादकांच्या सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं धरलेलं असतं. मुदत संपलेला सिलिंडर भरू नये, मग तो बाहेरून कितीही नवा दिसो. जुनं पिस्तूल घेणाऱ्यांनी हे पैसे देण्याआधी तपासायचं, कारण दीड-दोन लाखांचं आयात पिस्तूल कोणी स्वस्तात देत असेल तर स्वस्ताईचं कारण अनेकदा इथेच सापडतं. भरताना दाब किती, तेही सिलिंडरवरच लिहिलेलं असतं. बहुतेकांवर २०० बार असतं. स्कूबा डायव्हरच्या टाकीतून भरत असाल तर झडप हळूहळू उघडा. एकदम हवा सोडली की सिलिंडर तापतो, आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. जोडणीच्या ठिकाणी घरातलं कुठलंही तेल लावायचं नाही. पुस्तिकेत सांगितलेलं ग्रीस तेवढं चालतं. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असेल तर सुटी बॅटरी जवळ ठेवा, आणि यांत्रिक असो वा इलेक्ट्रॉनिक, पिस्तुलासोबत आलेल्या चाव्या आणि पाने घरी विसरू नका. २०२१ साली टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मधोमध बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. ऑलिंपिकमध्ये जे होऊ शकतं ते जिल्हा स्पर्धेत नक्कीच होऊ शकतं. आपल्या पिस्तुलाचा कुठला भाग कुठे उघडतो, हे पहिल्या आठवड्यातच माहीत असावं.

रेंजवर: आधी शिस्त

यात थोडक्यात सांगण्यासारखं बरंच आहे, पण गाळण्यासारखं काहीच नाही. पेटी लेनच्या टेबलावर ठेवून, नळीचं तोंड टार्गेटकडे राहील अशीच उघडायची. नळीतून आरपार गेलेली रंगीत दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, ‘स्टार्ट’ची आज्ञा येईपर्यंत काढायची नाही. कोणीही टार्गेटच्या बाजूला गेलेलं असेल तर पिस्तुलाला हातसुद्धा लावायचा नाही, साईट पुसायलाही नाही. ‘स्टॉप’ ऐकलं की बोट ट्रिगरवरून बाहेर, पिस्तूल टेबलावर. ड्राय, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, करायचा असेल तरीही फायरिंग लाइनवरच आणि रेंज ऑफिसरना विचारून. आणि नवं पिस्तूल बघायला मित्र जमले की ते हातोहात फिरवायचं नाही. ज्याला बघायचंय त्याने तुमच्या लेनवर यावं, लिव्हर उघडी आणि नळी रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी, मगच उचलावं.

ग्रिप: इथे घाई करायची नाही

पिस्तुलाच्या किमतीतला सर्वात महत्त्वाचा भाग नळी नाही, लाकडाची ग्रिप, म्हणजे मूठ, आहे. ती छोटी, मध्यम, मोठी अशा मापांत येते आणि दुकानदार ‘मिडियम सगळ्यांना होते’ म्हणतो. होत नाही.

डाव्या हाताने नळीच्या बाजूने पिस्तूल धरा आणि उजवा हात मागून ग्रिपमध्ये सरकवा (डावखुऱ्यांनी उलट). अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी जितकी वर जाऊन टेकेल तितकी टेकवा. मधली, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटं समोरून सरळ मागे दाबतात. अंगठा नुसता पडून राहतो, काही करत नाही. खालची फळी, जिला सगळे पाम शेल्फ म्हणतात, ती तळहाताच्या कडेला खालून अलगद लागली पाहिजे. आवळून बसली की हात पाच मिनिटांत बधिर होतो. एक गोष्ट नियमातलीही आहे: ग्रिप मनगटाला आधार देता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे.

आता तर्जनी बघा. ती लाकडाला कुठेही घासता कामा नये. बोट आणि लाकूड यांत थोडी फट दिसलीच पाहिजे, नाहीतर ट्रिगर ओढताना बोट लाकडाला ढकलेल आणि सगळं पिस्तूल आडवं सरकेल. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मधला भाग येईल असा ट्रिगर पुढे-मागे सरकवून घ्या. त्याला स्क्रू दिलेला असतो.

ग्रिप बरोबर बसली का, याची एकच खरी परीक्षा आहे. टार्गेटसमोर उभे राहा, डोळे मिटा, हात उचला, नेहमीच्या उंचीवर आणून थांबा, मग डोळे उघडा. मागच्या साईटच्या खाचेत पुढची साईट आपोआप मधोमध आणि वरच्या कडेला समान आलेली दिसली, तर ग्रिप तुमची आहे. पुढची साईट दरवेळी डावीकडे चिकटलेली दिसत असेल, किंवा खाचेच्या वर डोकावत असेल, तर मनगट वाकवून ती जागेवर आणू नका. मनगटाने केलेली दुरुस्ती चाळिसाव्या शॉटला हमखास सुटते. दुरुस्ती ग्रिपमध्येच करायची: बहुतेक पिस्तुलांत ग्रिपचा कोन थोडा फिरवता येतो, तो आधी बघा. त्याने भागलं नाही तर पुट्टी आणि कानस. पण कानस पहिल्या दिवशी नाही! लाकूड काढणं सोपं असतं, परत लावता येत नाही. दोन-तीन आठवडे पेन्सिलने खुणा करत राहा, कुठे टोचतं, कुठे पोकळ वाटतं ते लिहा, आणि मग सरांसमोर बसून घासा.

आपल्याकडे घामाचाही विचार हवा. मुंबईच्या एप्रिलमध्ये पॉलिश केलेली ग्रिप हातातून सटकते. छोटा सुती रुमाल लेनवर ठेवावा.

उभं राहणं

पाय खांद्यांच्या रुंदीएवढे, शरीर टार्गेटला साधारण आडवं, वजन दोन्ही पायांवर. मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवायचा, म्हणजे तो हलत नाही. २०२४ला पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला तेव्हा पिस्तूलवाल्यांना नवल वाटलं ते इतरांच्या नवलाचंच. तसं तर सगळेच उभे राहतात.

पुन्हा डोळे मिटून हात उचला आणि उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावी-उजवीकडे थांबलं असेल तर हात सरकवू नका, मागचा पाय थोडा सरकवा. नव्या पिस्तुलाचं वजन आणि तोल जुन्यापेक्षा वेगळा असतो. साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो वजन पसरलेल्या हातावर येतं. म्हणून क्लबच्या पिस्तुलावर बसवलेली पायांची जागा इथे जशीच्या तशी चालेल असं धरू नका.

ट्रिगर आणि पाचशे ग्रॅम

नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन पेलावं लागतं. स्पर्धेआधी पिस्तूल उभं धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि उचलतात. खटका पडला तर पिस्तूल नापास. रेंजवर हे वजन बहुधा असतंच. पहिल्याच दिवशी तपासून घ्या आणि नेमक्या ५००वर न ठेवता थोडं वर ठेवा, कारण वापराने ते बदलतं.

मॅच पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा मोकळा प्रवास, मग एक भिंत लागते, आणि तिच्यावर थोडा दाब वाढला की शॉट. ही भिंत बोटाला स्पष्ट कळली पाहिजे. नवख्याने पहिल्या टप्प्यात वजन जास्त आणि दुसऱ्यात कमी ठेवावं, असं माझं मत. म्हणजे भिंतीपर्यंत पोचताना बोट बिचकत नाही. काही सर अगदी उलट शिकवतात. त्यांच्याकडे शिकत असाल तर त्यांचं ऐका, दोघांचं मिश्रण मात्र करू नका.

आता किमान अर्धा तास फक्त ड्राय. बहुतेक मॅच पिस्तुलांत हवा आणि छर्ऱ्याशिवाय ट्रिगर चालवायची सोय असते, ती पुस्तिकेत बघून सुरू करा. (तुमचं पिस्तूल स्प्रिंगचं असेल तर रिकामं मारू नका, आतली सील खराब होते.) पांढऱ्या भिंतीकडे किंवा पाठकोऱ्या टार्गेटकडे पिस्तूल धरा, नजर पुढच्या साईटवर ठेवा आणि खटका पडताना ती हलते का ते पाहा. हलत असेल तर छर्रा घालायची वेळ अजून आलेली नाही.

एका मिलिमीटरचा हिशेब

नवख्याला सगळ्यात जास्त काय छळत असेल तर हात हलणं. काळं वर्तुळ समोर नाचत असतं आणि ते मधोमध आलं की तो ‘आत्ता!’ म्हणून ट्रिगर खेचतो. इथे थोडं गणित करून बघायलाच हवं.

दोन साईटमधलं अंतर समजा ३२० मिलिमीटर आहे. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे १०,००० मिलिमीटरवर. पुढची साईट खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली, तर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला जातो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ-आठ मिलिमीटरने सरकत जातं. ३१ मिलिमीटर म्हणजे सात. उलट, साईट एकमेकींत नीट जुळलेल्या ठेवून सगळा हातच पाच मिलिमीटर सरकला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहाच. हात हलणं माफ आहे, साईट बिघडणं माफ नाही.

म्हणून पुढची साईट कडक स्पष्ट, मागची किंचित धूसर आणि टार्गेटचा काळा गोळा चक्क पुसट दिसला पाहिजे. चष्मा असेल तर टार्गेट स्पष्ट दाखवणारा नंबर इथे अडचण करतो. डॉक्टरांना हाताच्या लांबीवरची साईट दाखवून नंबर घ्यावा. नेम काळ्याच्या मधोमध धरायचा नाही, खालच्या पांढऱ्या पट्ट्यात धरायचा. काळ्यावर काळी साईट हरवते. पुढच्या साईटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या दोन पट्ट्या दिसतात. नव्या पिस्तुलात खाचेची रुंदी बदलता येत असेल तर सुरुवातीला त्या जरा रुंदच ठेवा. फार अरुंद पट्ट्या बघत बसलं की डोळा शिणतो आणि शॉट लांबतो.

पहिले छर्रे

छर्रा सपाट तोंडाचा घ्यायचा. त्याने कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. सपाट बाजू पुढे, पोकळ घागरा मागे. गडबडीत उलटा घालणारे दरवर्षी भेटतात. घागरा चेपलेला असेल तर तो छर्रा बाजूला टाका. ४.४९ की ४.५०, अमका डबा की तमका, ही चर्चा पहिले सहा महिने करूच नये. क्लबमध्ये सगळे जो वापरतात तो एक डबा घ्या आणि तोच चालू ठेवा.

टार्गेट उलटं लावा, पांढरी बाजू आपल्याकडे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर रेंजवाल्यांना समोर कोरा कागद लावायला सांगा आणि पडद्याचं तोंड दुसरीकडे करा. काळा गोळाच नसला की डोळा आपोआप साईटवर येतो. कागदाच्या मध्याकडे हात उचला, थोडा वर नेऊन श्वास सोडत खाली आणा, थांबा, ट्रिगर दाबत राहा. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. हे खाली घेणं ज्याला जमतं तो पुढे जातो. बाकीचे जबरदस्तीने खेचून आठ घेतात.

शॉट सुटल्यावर लगेच हात टाकू नका. साईट परत कुठे येऊन थांबते ते एक-दोन सेकंद बघा. ती आपली आपण खाली परत येत असेल तर हात सैल नव्हता. डावीकडे उडून तिथेच राहत असेल तर ग्रिप तपासायची आहे.

पाच-पाच छर्ऱ्यांचे चार ग्रुप मारा. प्रत्येक ग्रुपला नवा कागद, त्यावर तारीख आणि क्रमांक. मग कागद एकावर एक ठेवून उजेडात धरा. चारही ग्रुप साधारण एकाच जागी, पण मध्यापासून लांब, असतील तरच साईटला हात लावायचा अधिकार मिळाला. कधी वर, कधी खाली, कधी उजवीकडे पसरलेले असतील तर साईट फिरवून काही होणार नाही, परत ड्राय. रेंजच्या भिंतीवर ‘इकडे गेला तर हे कारण, तिकडे गेला तर ते’ असं एक गोल चित्र चिकटवलेलं असतं. त्याच्यावर विसंबू नका. कारण शोधायचं ते ड्राय करताना हलणाऱ्या साईटमध्ये.

साईट फिरवणं

आता टार्गेट सुलट लावा. नियम साधा आहे: छर्रा जिकडे न्यायचा तिकडे मागची साईट सरकवायची. ग्रुप डावीकडे असेल तर मागची साईट उजवीकडे, ग्रुप खाली असेल तर ती वर.

गोंधळ होतो तो स्क्रूवरच्या अक्षरांनी. अक्षर ‘छर्रा वर न्यायचा’ हे सांगतं की ‘छर्रा वर लागत असेल तर इकडे फिरव’ हे, ते प्रत्येक कंपनीत सारखं नसतं. म्हणून पिस्तुलालाच विचारा. पाच छर्ऱ्यांचा एक ग्रुप मारा, स्क्रू एकाच बाजूला दहा क्लिक फिरवा, आणखी एक ग्रुप मारा. दोन्ही ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजून दहाने भागा: एका क्लिकला किती मिलिमीटर आणि कोणत्या दिशेला, ते कायमचं कळलं. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग हवे तेवढे क्लिक मोजून फिरवा, एका वेळी एकच स्क्रू. एका छर्ऱ्यावरून कधीही क्लिक द्यायचा नाही.

आणि संध्याकाळी बसवलेली साईट सकाळच्या उजेडात दोन-तीन क्लिक इकडेतिकडे लागली तर घाबरू नका. लेनवरचा उजेड बदलला की डोळ्याला साईटची कड वेगळी दिसते.

आवरताना

चाळीस-पन्नास शॉट झाले की थांबा, हात अजून चालतोय असं वाटलं तरी. दमलेला खांदा नव्या पिस्तुलाबद्दल चुकीची माहिती देतो. नळीत छर्रा नाही हे बघा, सेफ्टी फ्लॅग घाला, रेंज ऑफिसरना दाखवा, मग पेटी बंद करा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर धातूचे बाहेरचे भाग तेलाचा हलका हात फिरवलेल्या फडक्याने पुसून घ्या. फडकं साईटच्या काळ्या रंगावरून मात्र नको, ती चकाकायला लागते. छर्रे शिशाचे असतात, म्हणून वडापाव खाण्याआधी साबणाने हात धुवा. लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्याकडे स्वतः लक्ष ठेवा.

वहीत इतकं लिहिलं तरी पुरे: सिलिंडरवर सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, ट्रिगरचं वजन, साईटचे क्लिक, हात कुठे दुखला. पुढचे तीन-चार सराव यातलं काहीही बदलू नका. त्यानंतरही ग्रुप एकाच दिशेला ताणलेला दिसत असेल तर टेस्ट कार्ड आणि वही घेऊन सरांकडे जा आणि त्यांना तुमच्या पिस्तुलाने पाच शॉट मारायला सांगा. त्यांचा ग्रुप गोल आला तर काम ग्रिपवर आहे. त्यांचाही तसाच ताणलेला आला, तर नळीतली घाण, सैल झालेला साईटचा स्क्रू आणि सिलिंडरचा दाब याच क्रमाने तपासा, आणि तिथेही काही सापडलं नाही तर वॉरंटीचा कागद काढा.